विकतचा आवाज

माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाईंशी मी एकदा खोटं बोललो. एकच वाक्य. "नाही बाई, या सिस्टीमवर तो आवाज चालत नाही." बोलायला दोन सेकंद लागले असतील. त्यानंतर सव्वा वर्ष मी दर शनिवारी त्यांच्या शेजारी बसून त्या वाक्यानं काय केलं ते बघत राहिलो, त्यांच्या घरचा चहा पीत राहिलो आणि गप्प राहिलो.

बाई आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. हैदराबादच्या अंबरपेठेत माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलगा पुण्यात असतो, दिवसातून दोनदा फोन करतो. सकाळी स्वयंपाकाला एक बाई येते, ती तेलुगूतून बोलते, आमच्या बाई मराठीतून उत्तर देतात, आणि गेली दहा वर्षं दोघींचं उत्तम चाललं आहे. काचबिंदूनं बाईंची दृष्टी हळूहळू नेली. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं. "नाटक संपल्यावर पडदा दोन्हीकडून येतो ना, तसं झालं बघ," असं त्यांनी मला सांगितलं होतं. तक्रारीचा सूर नव्हता. आम्हाला सातवीत व्याकरण शिकवायच्या त्याच आवाजात त्या बोलत होत्या.

दृष्टी गेल्यावर त्यांच्या मुलानं त्यांना एक संगणक बसवून दिला होता. अंध माणसाच्या संगणकात दोन गोष्टी लागतात. एक प्रोग्राम पडद्यावर काय आहे ते शोधतो, आणि दुसरा ते बोलून दाखवतो. हा बोलणारा भाग म्हणजे आवाज. मुलानं एका कंपनीचा मराठी आवाज विकत घेऊन दिला होता. स्त्रीचा आवाज, मध्यम वयाचा, किंचित घसा बसल्यासारखा. स्वल्पविरामाला थांबायचा, प्रश्नाला वर जायचा. बाई त्या आवाजाला 'आमची ही' म्हणायच्या. "आमची ही आज जरा घाईत आहे," म्हणायच्या आणि वेग कमी करायच्या.

त्या आवाजाच्या भरवशावर त्यांनी शनिवारचा वर्ग सुरू केला होता. हैदराबादेत मराठी मुलांची कमी नाही. काही पुण्या-मुंबईहून आयटीसाठी आलेल्या घरांतली, काही आमच्यासारखी, निजामाच्या काळापासून इथे असलेल्या घरांतली. बोलतात सगळी. वाचायला दिलं की आईकडे बघतात. बाईंची पद्धत साधी होती. प्रत्येक मुलानं आठवड्यातून एकदा दहा ओळी लिहायच्या. विषय कायमचा एकच: या आठवड्यात आपल्या घरात काय झालं. मुलं फोनवर टाइप करून मला पाठवत. मी सगळ्यांचं लिखाण एका फाइलमध्ये, वर मुलाचं नाव घालून, एकाखाली एक चिकटवायचो. बाई गुरुवारी आणि शुक्रवारी ते ऐकत. शनिवारी पाच वाजता व्हिडिओ कॉल. त्यात त्या एकेका मुलाशी त्याच्या दहा ओळींबद्दल बोलत, आणि समोर काहीही नसताना बोलत. अकरा मुलांचं सगळं त्यांच्या डोक्यात असे. कुणाच्या गच्चीत मांजर व्याली, कुणाच्या बाबांनी नोकरी सोडली, कुणी भावाच्या वाटणीचं आइस्क्रीम खाल्लं. मुलं त्यांना 'बाईआजी' म्हणत. आपल्या घरातलं मांजर कुणाच्या तरी लक्षात राहतं, एवढ्यासाठी ती मुलं लिहीत असावीत.

मग तो संगणक बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. मी म्हणालो, बाई, मी देतो बसवून.

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. मी पंचवीस वर्षं लिनक्सवर काम करतो आहे. संगणक चालवणाऱ्या ज्या मूळ प्रणाली असतात, त्यांतली ही एक. ती कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून ती लिहिली आहे. कुणीही उघडून बघावी, बदलावी, शेजाऱ्याला द्यावी. तरुणपणी मला ही कल्पना फार मोठी वाटली, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटते. महिन्यातून एका रविवारी आम्ही पंधरा-वीस जण एका कॉलेजच्या रिकाम्या वर्गात जमतो, आपापले प्रयोग एकमेकांना दाखवतो. त्या खोलीत मी जरा कडवा म्हणून ओळखला जातो. कुणी म्हणालं, लिनक्स वापरतो पण अमुक एक सॉफ्टवेअर विकतचं आहे, की मी विचारायचो, "मग सोडलंस काय?"

आणि सोमवारी मी ऑफिसला जायचो. तिथे माझं काम काय, तर लिनक्सवर विकतची सॉफ्टवेअरं चालवणं. मोठमोठे डेटाबेस, ज्यांच्या आतलं एक अक्षर मला बघता येत नाही. त्यांचं लायसन्स वेळेवर नवं करणं, नवी आवृत्ती आली की ती आमच्या लिनक्सवर बसवणं, बसली नाही तर बसेपर्यंत खटपट करणं. पंचवीस वर्षं माझं घर यावर चाललं आहे. यात काही विसंगती आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. ऑफिस ते ऑफिस.

बाईंच्या नव्या संगणकावर मी लिनक्स बसवलं. पडदा शोधणारा प्रोग्राम मोफत आणि चांगला होता. प्रश्न आवाजाचा होता. लिनक्ससोबत येणारा मोफत आवाज मराठी बोलतो. कुणीतरी प्रेमानं, पदरचा वेळ घालून तो केला आहे, आणि मला त्याची निंदा करायची नाही. पण तो पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा बोलतो, आणि एका दमात बोलतो. बाईंनी पाच मिनिटं ऐकलं. मग विचारलं, "आणि आमची ही?"

आदल्याच दिवशी मी त्या कंपनीचं संकेतस्थळ पाहिलं होतं. त्यांचा मराठी आवाज लिनक्ससाठीही मिळत होता. स्पष्ट लिहिलं होतं. पैशांचा प्रश्नच नव्हता, बाईंच्या मुलानं एका फोनवर ते काम केलं असतं. पण येत्या रविवारी आमच्या गटात मी बोलणार होतो. विषय मीच जाहीर केला होता: एका अंध शिक्षिकेचा संगणक, ज्यात एकही विकतची गोष्ट नाही.

मी म्हणालो, "नाही बाई, या सिस्टीमवर तो आवाज चालत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग याची सवय करून घेऊ."

रविवारी मी बोललो. पडद्यावर बाईंच्या हातांचा फोटो दाखवला, कीबोर्डवर ठेवलेले दोन हात, मनगटात एकेक बांगडी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं नंतर येऊन माझा हात हातात घेतला. तो फोटो काढताना मी बाईंना विचारलं नव्हतं. फोनचा आवाज बंद करून काढला होता.

बाईंनी सवय करायचा प्रामाणिक प्रयत्न केला. पूर्वी त्या फाइल एकदा, फार तर दोनदा ऐकत. आता पाच-सहा वेळा ऐकू लागल्या. गुरुवार-शुक्रवार पुरेना, बुधवारपासून बसत. "परत लाव रे," असं मला शनिवारी साडेचारला म्हणत, आणि मान एका बाजूला कलती करून ऐकत. कपाळावर आठी. "हे सगळं एकाच माणसानं लिहिल्यासारखं वाटतं," एकदा म्हणाल्या. मी म्हणालो, "येईल ऐकू नीट, वेळ लागतो." वेळ लागतो हे मी किती वेळा म्हणालो असेन, मला आता आठवत नाही.

मग तो शनिवार आला. त्या आठवड्यात एका मुलीचे आजोबा वारले होते. तिनं दहा ओळींऐवजी सोळा ओळी लिहिल्या होत्या. फाइलमध्ये तिच्या लिखाणाखाली दुसऱ्या एका मुलीचं लिखाण होतं, तिच्याही आजोबांबद्दलचं. ते सहलीला गेले होते आणि त्यांची चप्पल हरवली होती. विकतचा आवाज नावापाशी थांबायचा. हा थांबत नव्हता. दोन्ही आजोबा एका दमात वाचले गेले.

बाई कॉलवर फार मायेनं बोलायला लागल्या. माणूस गेल्यावर घर कसं वाटतं, आजोबांची खुर्ची कुणी हलवत नाही, तू लिहिलंस ते किती खरं लिहिलंस. पण त्या हे दुसऱ्या मुलीशी बोलत होत्या. चप्पलवाल्या. ती गोंधळून बघत राहिली. मग तिच्या शेजारून सोफ्यावरून एक पिकल्या मिशांचं तोंड पडद्यात आलं आणि म्हणालं, "बाई, मी अजून आहे इथंच. चप्पलच गेली फक्त."

मुलं हसली. मोठी माणसंही हसली असतील, आपापल्या घरात. मी पडद्याकडे बघत होतो. जिचे आजोबा खरंच गेले होते तिच्या चौकोनातला चेहरा नाहीसा झाला, कॅमेरा बंद झाला. बाईंना ते दिसलं नाही. त्यांनी मला हळूच विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग सगळ्यांची क्षमा मागितली, त्या मुलीची नाव घेऊन मागितली, आणि वर्ग लवकर संपवला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला निरोप दिला की मुलांना कळव, सध्या वर्ग नाही. मी कळवलं.

"माझे कान गेले रे," त्या म्हणाल्या. "डोळे गेले तेव्हा वाईट नाही वाटलं इतकं. कान होते."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. त्याच दिवशी, त्या खोलीत. मी म्हणालो, "दाखवून घेऊ कान. मी घेऊन जातो."

कानाच्या तपासणीला दोन आठवडे होते. त्या मधल्या काळात ऑफिसात एक काम आलं. आमच्या एका ग्राहकाला फोनवर मराठीत उत्तर देणारी यंत्रणा हवी होती. सर्व्हर अर्थातच लिनक्सचे. आवाज त्यांनी आधीच विकत घेतला होता, मला तो फक्त बसवायचा होता. फाइल उघडली, कंपनीचं नाव बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. जुन्या आवृत्तीसाठी केलेलं पॅकेज होतं, त्याला लागणारी लायब्ररी नावाची एक जोडफाइल सापडत नव्हती, ती आणून जागेवर ठेवली, लायसन्सची फाइल दिली. दीड तासात काम झालं. इयरफोन लावून चाचणीचं वाक्य चालवलं. "नमस्कार, आपलं स्वागत आहे." किंचित घसा बसलेला, स्वल्पविरामाला थांबणारा.

मी इयरफोन काढून ठेवले. शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं विचारलं, "सर, चालतंय ना?" मी म्हणालो, "हो, चालतंय."

त्या दिवशी घरी बायकोला सगळं सांगितलं. ती नांदेडची आहे, शब्द मोजून वापरते. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुमचं सोवळं बाईंच्या घरातच का? ऑफिसात शिवाशिव चालते."

मी म्हटलं, तसं नाही, तत्त्वाचा भाग वेगळा.

"तत्त्व तुमचं आणि उपास बाईंना," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. मग चिरता चिरता, "सांगून टाका हो. म्हातारं माणूस आहे."

तरीही मी सांगितलं नाही. मला वाटलं, कानात खरंच काहीतरी निघेल. मी तशी आशा करत होतो, हे लिहिताना मला आता लाज वाटते. एका म्हाताऱ्या अंध बाईंच्या कानात दोष निघावा, म्हणजे माझा दोष झाकला जाईल.

आबिड्सला एका कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो. काचेच्या छोट्या खोलीत बाईंना बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. बाहेर बसून मी बघत होतो. त्या परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसल्या होत्या आणि बटण टकटक दाबत होत्या. तपासणारी मुलगी बाहेर आली, कागद दाखवत म्हणाली, "आंटी के कान तो मेरे से अच्छे हैं, सर." बाईंना तिनं तेच जरा मोठ्या आवाजात सांगितलं. बाई म्हणाल्या, "हळू बोल गं, ऐकू येतं म्हणालीस ना आत्ता."

ऑटोत बसताना चालक म्हणाला, "अम्मा, आहिस्ता, जल्दी नक्को." बाई बसल्या. एरवी त्या त्याच्याशी दोन वाक्यं बोलल्या असत्या. काचिगुड्याच्या सिग्नलपाशी ऑटो थांबला. मग म्हणाल्या, "म्हणजे कान नाहीत."

मी तपासणीचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"म्हणजे वरचं आहे," त्या म्हणाल्या, आणि दोन बोटं कपाळाला लावली. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. माणसांची सरमिसळ. याच्याजागी तो, त्याच्याजागी हा. शेवटी तिनं मला आपली बहीण समजून निरोप घेतला."

सिग्नल सुटला. गर्दी होती, ऑटो हळू चालला होता, सांगायला भरपूर वेळ होता. घर आलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. मुलाशी बोलणं झालं होतं. महिनाअखेर त्या पुण्याला जाणार होत्या, कायमच्या. आवाजात काही नव्हतं. "पुस्तकं कुणाला द्यायची ते बघावं लागेल. तू ये जरा, कपाटातली नावं वाचून दाखव. आणि तो संगणक तुझ्या गटातल्या कुणाला उपयोगी पडत असला तर घेऊन जा."

मी ऑफिसला फोन करून रजा टाकली आणि त्यांच्याकडे गेलो. दार उघडं होतं. त्या जमिनीवर बसून पुस्तकांवरून हात फिरवत होत्या, जाडीवरून ओळखत होत्या. मी समोर बसलो आणि सांगितलं. कसं सांगितलं ते मला नीट आठवत नाही. मी आधी म्हणालो, बाई, तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. मग ते वाक्य सांगितलं, आणि ते खोटं होतं हे सांगितलं.

त्यांचा हात पुस्तकावर थांबला.

"तो आवाज चालतो?"

"हो."

"तेव्हाही चालत होता?"

"हो."

"तुला माहीत होतं."

"हो, बाई."

"सव्वा वर्ष झालं ना रे? गौरीच्या आधी बसवला होतास."

"हो."

"दर शनिवारी इथं बसायचास."

"हो."

"चहा घ्यायचास." त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं. "त्या मुलीच्या वेळीही होतास. ऑटोत होतास. मी आईचं सांगितलं तेव्हा."

मी म्हणालो, चुकलं माझं, बाई.

"तू लहानपणीही असाच. फार लवकर 'चुकलं' म्हणायचास. काय चुकलं ते सांगायच्या आत." त्या उठल्या, भिंतीला हात लावत संगणकाच्या खुर्चीपर्यंत गेल्या. बसल्या नाहीत, खुर्ची माझ्यासाठी ओढली. "आधी हे बसव. मग बोलू."

त्यांनी मुलाला फोन करून आवाज विकत घ्यायला सांगितला, कारण न सांगता. मी बसवला. तीच लायब्ररी हरवलेली, तीच जागेवर ठेवली. दुपारपर्यंत झालं. स्वयंपाकाच्या बाईनं जेवण वाढलं, आमच्या बाई एकट्याच जेवल्या, आणि मला विचारलं नाही. त्या घरात मला कधी न जेवता बसावं लागलं नव्हतं.

आवाज सुरू झाला. पडद्यावर उघडी असलेली फाइल वाचू लागला. ती त्याच शनिवारची होती. नाव. थांबला. सोळा ओळी. थांबला. दुसरं नाव. थांबला. चप्पल.

बाईंनी एकदाच ऐकलं. "या दोन वेगळ्या मुली आहेत," त्या म्हणाल्या. "कुणालाही कळेल." त्यांचा चेहरा मला बघवेना. राग असता तर बरं झालं असतं. सव्वा वर्षानं स्वतःचं डोकं परत मिळालेला माणूस कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिलं. खुर्चीच्या हाताला घट्ट धरून त्या बसल्या होत्या, जणू कुणी ते पुन्हा काढून घेईल.

मग म्हणाल्या, "आता तू दहा ओळी लिही. घरात काय झालं ते. हिच्याकडून ऐकते."

मी घरी जाऊन लिहिलं. दहा ओळींत बसेना, दोन पानं झाली. पहिल्या पानावर मी मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, मला ते का महत्त्वाचं वाटतं, ऑफिसात आणि बाहेर माणसाला कशी तडजोड करावी लागते, हे सगळं लिहिलं. दुसऱ्या पानावर काय केलं ते. बोलताना मी रविवारचं भाषण आणि फोटो वगळला होता. लिहिताना तो वगळता येईना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फाइल लावली. माझी वाक्यं त्या बसक्या घशाच्या आवाजात मी त्यांच्या शेजारी बसून ऐकली. पहिलं पान अर्धं झाल्यावर त्यांनी बटण दाबून थांबवलं. "हे काढून टाक. हे भाषण आहे." पुढे गेल्या. फोटोपाशी पुन्हा थांबवलं. आवाजानं ते वाक्य अगदी साधेपणानं वाचलं होतं, माझ्यापेक्षा सरळ.

"माझा फोटो?"

"फक्त हातांचा, बाई."

"किती लोक होते?"

"वीसेक."

"आणि काय म्हणाले?"

"टाळ्या वाजवल्या."

बाईंनी आपले हात उचलले, मांडीवर घेतले आणि पदराखाली सारले. ती हालचाल मी विसरू शकत नाही. बराच वेळ तसेच ठेवले. मग म्हणाल्या, "त्यांनाही हे ऐकवून ये. तुझ्या तोंडानं नको, तू मध्ये भाषण घालशील. हिच्या तोंडानं ऐकव."

पुढच्या बैठकीला मी लॅपटॉप घेऊन गेलो आणि त्या वर्गात बाईंच्या संगणकावर 'हिच्या' आवाजात रेकॉर्ड केलेलं ते दुसरं पान लावलं. त्या खोलीत विकतचा आवाज पहिल्यांदाच बोलला असावा. संपल्यावर मी लॅपटॉप मिटला. मला वाटलं होतं, कुणीतरी मी विचारायचो तसं विचारेल. मग एक वयस्क गृहस्थ, निवृत्त रेल्वे अभियंता, सिकंदराबादहून येतात, ते म्हणाले, "माझ्या मिसेसना दिसेनासं होतंय. हा तेलुगूतही मिळतो का?" मी म्हणालो, बघतो. नंतर पायऱ्यांवर एक जण भेटला, मोफत आवाजावर काम करणाऱ्यांपैकी. तो म्हणाला, "आमचा आवाज नावापाशी थांबत नाही हे तुम्ही सव्वा वर्ष कुणाला कळवलंच नाही. कळवलं असतंत तर केलं असतं काहीतरी." तेही खरं होतं. ज्या गोष्टीसाठी मी बाईंना दावणीला बांधलं, तिचंही मी काही भलं केलं नव्हतं.

बाई पुण्याला गेल्या नाहीत. का गेल्या नाहीत ते त्यांनी मुलाला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. तो मला अजून पूर्वीसारखाच फोन करतो, आईकडे लक्ष ठेवता म्हणून आभार मानतो. एकदा मी सांगायला तोंड उघडलं होतं. तो म्हणाला, "आई म्हणाली तुम्ही दिवसभर बसून दुरुस्त केलंत." मी बाईंना नंतर विचारलं, मी त्याला सांगू का. त्या म्हणाल्या, "त्याला सांगून तुझं हलकं होईल. त्याला काय? तो तिकडे बसून उगाच जळेल. राहू दे तुझ्याजवळ."

शनिवारचा वर्ग पुन्हा सुरू झाला आहे. अकरापैकी सहा मुलं आली. बाकीच्यांनी मधल्या काळात कुठे गिटार, कुठे गणित धरलं. मी त्यात नसतो. फाइल कशी चिकटवायची, कॉल कसा उघडायचा, कुठली दोन बटणं एकदम दाबायची, ते बाईंनी एका आठवड्यात माझ्याकडून शिकून घेतलं, आणि म्हणाल्या, "आता शनिवारी तू येऊ नकोस. रविवारी ये हवं तर." मी रविवारी जातो. चहा मिळतो. पूर्वीइतक्या गप्पा होत नाहीत, पण होतात.

जिचे आजोबा गेले ती मुलगी सहांत नव्हती. बाईंनी तिच्या आईला स्वतः फोन केला, दोनदा. काय बोलल्या ते मला विचारायचा अधिकार नाही. गेल्या रविवारी चहा पिताना त्या म्हणाल्या, "ती आली काल."

"लिहून आणलं होतं?"

"दहा ओळी. आजीबद्दल. आजी आता आजोबांच्या खुर्चीत बसते, असं लिहिलंय." त्यांनी कप ठेवला. "तिला मी काही विचारलं नाही. फक्त विचारलं, आजी बसते तेव्हा तू कुठे बसतेस? ती म्हणाली, खाली, पायाशी."

मग त्या उठल्या आणि कपाटातली पुस्तकं परत लावायला घेतली. अजून बरीच जमिनीवरच होती. मी नावं वाचून दाखवत होतो, त्या जागा सांगत होत्या.